यूएसबी डायल-अप मॉडेम लिनक्सवर: प्रकल्प नोंदी

२ जून

काम आधी मांडून ठेवतो. दूर एका ठिकाणी आमचं एक लिनक्स यंत्र रात्रंदिवस चालू असतं. तिथे डेबियन हे लिनक्सचं वितरण आहे. त्याच्यापर्यंत जायची एकच वाट, ब्रॉडबँडची. तिथला राउटर अडकला, किंवा इकडून फायरवॉलचा नियम बदलताना नेमकी तीच वाट बंद झाली, की यंत्र धडधाकट असूनही हाती लागत नाही. मग कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन कीबोर्ड लावेपर्यंत वाट बघायची.

त्याच जागी तांब्याच्या तारेवरचा साधा फोन आहे. त्या तारेला वीज एक्स्चेंजकडूनच मिळते, साधारण ४८ व्होल्ट, त्यामुळे राउटरचं काहीही झालं तरी ती जिवंत असते. यंत्राला यूपीएस आहे आणि यूएसबी मॉडेम आपली वीज यंत्राकडून घेतो. म्हणजे सामान सगळं आहे. तिकडच्या यंत्राने फोन उचलायचा, इकडच्याने करायचा. इंटरनेट पुरवणारा मधे कुणी नाही, दोन यंत्रांची सरळ गाठ. डायल-अप संपलं असं म्हणणाऱ्यांनी ही गरज बघितलेली नाही.

आज फक्त मॉडेम काढले. हाताशी तीन आहेत. दोन एकसारखे, तिसरा जुना. तिघांवरही ‘५६के यूएसबी’ एवढंच छापलंय आणि त्यावरून काहीच कळत नाही.

३ जून

डबीवरचं नाव, कंपनी, किंमत यातलं काही बघू नये. मॉडेम लावावा आणि ‘एलएसयूएसबी’ला (यूएसबीवर काय लागलंय ते दाखवणारी आज्ञा) सविस्तर माहिती विचारावी.

एकसारख्या दोघांचा क्रमांक ०५७२:१३२९ निघाला. ०५७२ म्हणजे कोनेक्झंट, चिप बनवणारी कंपनी. खाली इंटरफेसच्या ओळी बघितल्या: वर्ग २, म्हणजे कम्युनिकेशन्स, उपवर्ग २, अ‍ॅबस्ट्रॅक्ट, आणि प्रोटोकॉल १, ज्याच्यापुढे ‘एटी कमांड्स’ (मॉडेमला द्यायच्या आज्ञा) असं लिहून येतं. दुसरा इंटरफेस डेटाचा, वर्ग १०. एवढं दिसलं की निम्मं काम झालं. असा मॉडेम संदेश गुंफणं-उलगडणं, चुका सुधारणं, आकुंचन, सगळं स्वतःच्या चिपवर करतो आणि संगणकाशी ठरलेल्या प्रमाण भाषेत बोलतो. ती भाषा लिनक्स कर्नेलमधल्या ‘सीडीसी-एसीएम’ ड्रायव्हरला येते. वेगळं काही बसवावं लागत नाही. याच चिपच्या मॉडेममध्ये वर्णनाचा एक तुकडा चुकीच्या इंटरफेसवर ठेवलेला असतो. कर्नेलच्या ड्रायव्हरमध्ये नेमक्या या क्रमांकासाठी त्याची सोय करून ठेवली आहे. कुणीतरी हा मॉडेम हातात घेऊन, कारण शोधून ती ओळ लिहिली असणार. त्या माणसाचे मनापासून आभार.

तिसऱ्या मॉडेममध्ये इंटरफेसचा वर्ग २५५ आला, म्हणजे ‘बनवणाऱ्याचा स्वतःचा’. हा सॉफ्टमॉडेम. यात तारेला जोडणारा भाग आणि आवाजाचे आकडे करणारा भाग एवढंच असतं, बाकी मॉडेमचं सगळं गणित संगणकाच्या प्रोसेसरने करायचं. त्यासाठी लागणारा ‘एसएलमोडेम’ नावाचा प्रोग्रॅम आहे, पण त्याचा गणिताचा गाभा बंद स्वरूपात, ३२-बिटी तयार फाइल म्हणून मिळतो, आणि यूएसबीसाठीचा त्याचा कर्नेल मॉड्यूल नव्या कर्नेलवर बांधला जात नाही. जिथे वर्षानुवर्षं हात न लावता चालायला हवं तिथे असलं काही ठेवणं मला पटत नाही. तिसरा परत खोक्यात.

५ जून

मॉडेम लावल्यावर ‘डीमेसेज’मध्ये, म्हणजे कर्नेलच्या नोंदींत, ‘टीटीवायएसीएम०: यूएसबी एसीएम डिव्हाइस’ ही ओळ आली. ‘/डेव्ह’खाली पोर्ट तयार. वापरकर्त्याला ‘डायलआउट’ गटात घातलं आणि लॉगआउट करून परत आत आलो. गट बदलला की चालू सत्राला तो कळत नाही. काही वितरणांत या गटाचं नाव ‘यूयूसीपी’ असतं; पोर्टची मालकी ‘एलएस’ने बघितली की कळतं.

मिनिकॉम (पोर्टशी थेट टाइप करून बोलायचा प्रोग्रॅम) उघडलं, ‘एटी’ टाइप केलं, ‘ओके’ आलं. पण मॉडेम काढून परत लावल्यावर पहिली काही सेकंदं पोर्ट ‘व्यस्त’ आणि मधेच पडद्यावर मी न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं. पोर्ट कुणी धरलाय ते ‘फ्यूझर’ने बघितलं तर पोर्ट मोडेममॅनेजरच्या हातात. ही सेवा मोबाइल डेटाच्या डोंगलसाठी आहे. नवा एसीएम पोर्ट दिसला की ती त्याला एटी प्रश्न विचारून चाचपते. डोंगलसाठी ते बरोबरच आहे, पण आमच्या मॉडेमवर तिचं काही काम नाही, आणि नेमका फोन लागत असताना ती मधे आली तर कॉल जाईल.

सेवा पूर्ण काढून टाकण्यापेक्षा यूडेव्हचा (उपकरण लागलं की काय करायचं ते ठरवणारी व्यवस्था) एक नियम लिहिला: विक्रेता ०५७२ आणि उत्पादन १३२९ असेल तर ‘आयडी_एमएम_डिव्हाइस_इग्नोर’ची किंमत १. त्याच नियमात ‘/डेव्ह/मॉडेम’ अशी कायमची खूण जोडली, कारण दुसरं एखादं एसीएम उपकरण आधी लागलं तर आपल्या पोर्टच्या नावातला ० चा १ होतो. नियम वाचायला लावले, मॉडेम काढून लावला. पोर्ट मोकळा.

६ जून

मॉडेमशी नुसत्या गप्पा. ही एटीची बोली १९८१ च्या हेज स्मार्टमॉडेमपासूनची. तो ३०० बिटांचा होता. आज यूएसबीतून बोलतोय तरी तीच दोन अक्षरं.

‘एटीआय३’ला उत्तर आलं त्यात चिपचं नाव सीएक्स९३००१ आणि शेवटी व्ही९२, ५६के मॉडेमचं एक प्रमाण. ‘एटी+एफक्लास=?’ला ०, १, १.० आणि ८. यातला ० म्हणजे डेटा, १ चे दोन्ही प्रकार फॅक्स आणि ८ म्हणजे आवाज. उत्तर देणारा फोन करायचा तर यातूनच होईल, पण तो वेगळा प्रकल्प.

कामाच्या सेटिंग बघून ठेवल्या: ‘&सी१’ म्हणजे समोरचा वाहक सिग्नल असेल तेवढाच वेळ मॉडेम तसं सांगेल, आणि ‘&डी२’ म्हणजे संगणकाने डीटीआर (‘मी तयार आहे’ हा त्याचा संकेत) खाली सोडलं की मॉडेम फोन ठेवेल. दूरच्या टोकाला ही दुसरी सेटिंग फार महत्त्वाची. ती नसेल तर प्रोग्रॅम संपूनही तार धरून ठेवलेली राहते आणि पुढचा फोन लागत नाही. आणखी तीन सेटिंग: ‘+एमआर=१’, ‘+ईआर=१’, ‘+डीआर=१’. या नसतील तर जोडणीनंतर ‘कनेक्ट ११५२००’ असं दिसतं, आणि तो आकडा फक्त संगणक ते मॉडेम या अंतराचा असतो, तारेवरचा नाही.

९ जून

तिकडचा मॉडेम बसवला. तिथल्या सहकाऱ्याने ‘लाइन’ लिहिलेल्या खोबणीत तार लावून दिली. ‘फोन’ लिहिलेली खोबण हँडसेट पुढे जोडण्यासाठी असते, ती रिकामी ठेवली. तिथल्या ब्रॉडबँडची जोडणी वेगळ्या तारेने येते. एकाच तारेवर डीएसएल असतं तर मॉडेमच्या आधी फिल्टर लागला असता, कारण डीएसएल आवाजाच्या पट्ट्याच्या वरची जागा वापरतं आणि त्याची कुरकुर मॉडेमला बाधते.

फोन उचलायला एमगेट्टी. घंटा वाजली की तो ‘एटीए’ पाठवतो, वाहक जुळला की लॉगिन विचारतो. सिस्टमडीचं (यंत्रावरच्या सेवा चालवणारी व्यवस्था) युनिट केलं, बंद पडलं तर पुन्हा सुरू होईल असं.

यूएसबीची आपोआप झोपायची सोय या पोर्टसाठी बंद केली (‘पॉवर/कंट्रोल’मध्ये ‘ऑन’). वाचणारी वीज नगण्य आहे आणि घंटा चुकण्याचा धोका मला नको.

११ जून

आज फोन लावायचा दिवस. इकडून पहिलंच उत्तर: ‘नो डायलटोन’.

हँडसेट लावून ऐकलं तर टोन होता, पण सलग नाही, तुटक. इकडची फोनलाइन फायबरच्या डबीतून निघते आणि व्हॉइसमेल पडलेला असला की ती असा तुटक टोन देते. मॉडेमला सलग टोनची अपेक्षा. ‘एटीएक्स३’ दिलं, म्हणजे टोनची वाट न बघता डायल कर, पण समोर व्यस्त असेल तर सांग. लागला.

यानंतर जे ऐकू येतं त्याबद्दल सविस्तर लिहून ठेवतो, कारण माझ्या मते डायल-अपमधलं सगळ्यात चांगलं निदानाचं साधन मॉडेमचा स्पीकर आहे. लॉगमध्ये ‘नो कॅरिअर’ एवढीच ओळ येते. कानाला मात्र जोडणी कुठल्या पायरीवर मोडली ते कळतं. ‘एटीएम१’ने वाहक जुळेपर्यंत स्पीकर चालू राहतो.

आधी आकड्यांचे सूर, मग घंटा. तिकडे उचललं की २१०० हर्ट्झचा एकसुरी आवाज येतो. नीट ऐकलं तर त्यात ठरावीक अंतराने बारीक टिचकी ऐकू येते: दर ४५० मिलिसेकंदांनी त्या सुराची कला (फेज) उलटी केली जाते. ती वाटेतल्या प्रतिध्वनी-रद्दकांसाठी आहे. माणसांच्या बोलण्यासाठी बसवलेली ती यंत्रणा हा सूर ओळखून बाजूला होते. मग खालच्या पट्टीतली घाईची किलबिल, ३०० बिटांच्या वेगाने. त्यात दोन्ही मॉडेम ‘तुला काय काय येतं’ हे एकमेकांना सांगतात. पुढे एकदम अनेक सूर मिळून घोंगावणारा आवाज. हा तारेचा तपास: १५० पासून ३७५० हर्ट्झपर्यंत दर १५० वर एक सूर, मधले मोजके चार वगळून. समोरचा मॉडेम त्यातला कुठला सूर किती दबला ते मोजतो आणि त्यावर वेग ठरवतो. शेवटी नुसता फसफसाट. तो खरा डेटा, मुद्दाम विस्कटलेला, म्हणून कानाला गोंगाट वाटतो.

२१०० चा सूर वाजत राहिला आणि किलबिल आलीच नाही, तर आपलं बोलणं तिकडे पोचत नाहीये. घोंगावण्यानंतर शांतता, तर तार खराब. फसफसाट चालू होऊन पुन्हा सुरांवर आला, तर जुळलेलं तुटून पुन्हा जुळवणं चाललंय.

आमच्याकडे हे तिसरंच झालं. जोडणी झाली, ‘+एमसीआर: व्ही३४’, ‘+एमआरआर: २६४००’ (जोडणीची पद्धत आणि तारेवरचा वेग), लॉगिनचा प्रश्नही आला, नाव टाइप करेपर्यंत पडदा थिजला. स्पीकर सतत चालू ठेवून (‘एटीएम२’) पुन्हा लावला तेव्हा कारण कानावर आलं: मिनिटभरात फसफसाट तुटला, सूर, परत फसफसाट, मग ‘नो कॅरिअर’.

१४ जून

दोष संगणकात नाही, मॉडेममध्ये नाही. इकडच्या फायबरच्या डबीत आहे.

तिथून पुढे आवाज पॅकेटांत जातो. बोलणाऱ्या माणसाला २० मिलिसेकंदांचा तुकडा गेला तर कळतही नाही, डबी मागचाच आवाज पसरून भोक बुजवते. व्ही३४ ला तेवढ्यात समोरच्या लयीचा धागा सुटतो. शिवाय डबीचं घड्याळ आणि पलीकडच्या एक्स्चेंजचं घड्याळ तंतोतंत एका वेगाने चालत नाहीत. पॅकेटांचा साठा हळूहळू भरतो किंवा रिकामा होतो आणि मग एक पॅकेट टाकलं किंवा दुप्पट केलं जातं. कान निर्दोष म्हणतो, मॉडेम कोसळतो.

डबीच्या सेटिंगमध्ये जे हाताशी होतं ते बदललं. कोडेक (आवाजाचे आकडे करायची पद्धत) फक्त जी.७११, म्हणजे सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येकी ८ बिट, एकूण ६४ किलोबिट. जी.७२९ सारखे बचतीचे कोडेक माणसाच्या बोलण्याचा साचा बनवून पाठवतात, त्यातून मॉडेमचा सूर जाणं शक्यच नाही. शांतता गाळणं बंद. प्रतिध्वनी-रद्दक बंद. साठा स्थिर आकाराचा आणि मोठा. फॅक्ससाठीचं टी.३८ तिथे होतं, पण त्याचा डेटा मॉडेमला उपयोग नाही.

जोडणी बराच वेळ टिकू लागली, पण अधूनमधून तुटणं थांबलं नाही.

१५ जून

मग वेग उतरवला. ‘एटी+एमएस=व्ही३२बी’, म्हणजे व्ही.३२बिस, जास्तीत जास्त १४,४००. जुनी आणि साधी पद्धत. घासलेल्या, हलणाऱ्या तारेवर तिचा तोल लवकर सावरतो. जोडणीत ‘+एमसीआर: व्ही३२बी’, ‘+एमआरआर: १४४००’, ‘+ईआर: एलएपीएम’. दुपारभर चालू ठेवली, टिकली. एखादा तुकडा हरवला तर एलएपीएम तो परत मागून घेतो आणि पडद्यावर फक्त क्षणभर थबकणं दिसतं.

‘५६के’ मॉडेमवर १४,४०० म्हणजे वाया गेलं, असं वाटू शकतं. पण ५६ इथे मुळात मिळणारच नव्हते. १९९८ चं व्ही.९० चालतं ते एक टोक थेट डिजिटल जाळ्याला जोडलेलं असेल तरच. तिथून निघालेले आकडे वाटेत पुन्हा मोजले जात नाहीत, म्हणून ८००० नमुन्यांतले ७-७ बिट वापरता येतात आणि ५६,००० होतात. इंटरनेट पुरवणाऱ्यांकडे तशी जोडणी असायची. दोन्ही टोकांना साधे मॉडेम असले की दोन्हीकडे आवाजाचे आकडे करताना चूक शिरते, आणि व्ही.३४ चे ३३,६०० ही कमाल मर्यादा. आम्हाला त्याच्या निम्म्याहून कमी मिळताहेत आणि ते पुरेसे आहेत: सेकंदाला १८०० बाइट. ८० अक्षरांच्या २४ ओळींचा भरगच्च पडदासुद्धा सेकंदाच्या थोडा वर.

१८ जून

साधं लॉगिन चालतंय, पण फाइल आणायची तर आयपी हवा, म्हणजे पीपीपी (अशा सरळ तारेवरून आयपी नेणारा प्रोटोकॉल).

आधी हाताने. मिनिकॉममधून आत गेलो आणि तिकडे पीपीपीचा प्रोग्रॅम, पीपीपीडी, चालवला. पडद्यावर हे आलं:

~■}#■!}!}!} }

आणि काही सेकंदांनी पुन्हा तसंच, पुन्हा तसंच. हा कचरा नाही. ~ म्हणजे ७ई (बाइट सोळाच्या पायात लिहिलाय), चौकटीची सुरुवात. पहिला डबा एफएफ, ‘सगळ्यांसाठी’ असा पत्ता. } म्हणजे ७डी, पुढचा बाइट झाकलेला आहे अशी सूचना; झाकताना त्याचा एक बिट उलटवतात, म्हणून # हा मुळात ०३. दुसरा डबा आणि ! मिळून सी०२१, म्हणजे एलसीपी, जोडणी ठरवणारा प्रोटोकॉल. पुढचे दोन }! म्हणजे ०१ आणि ०१: ‘जोडणी मागतोय, मागणी पहिली’. तिकडचं यंत्र पडद्यावर चक्क बोलत होतं. डायल-अप अडलेल्या प्रत्येकाने एकदा तरी या ओळीची वाट बघावी. ती दिसली की खालचं सगळं ठीक आहे, आता फक्त पीपीपीच्या फाइली बघायच्या.

१९ जून

आज इकडून आपोआप. पीपीपीच्या ‘पीअर्स’ फोल्डरमध्ये एक फाइल: पोर्ट, वेग, ‘सीआरटीएससीटीएस’, ‘मॉडेम’, ‘लॉक’, ‘नोऑथ’, ‘नोडिफॉल्टरूट’ आणि डायल करायला ‘चॅट’ची स्क्रिप्ट. ‘नोडिफॉल्टरूट’ विसरून चालणार नाही, नाहीतर इकडच्या यंत्राची सगळी रहदारी या बारीक नळीत जाईल. तयार डायलर असतात, ते मी घेत नाही. चॅटच्या स्क्रिप्टमध्ये काय पाठवलं आणि कशाची वाट बघितली ते ओळीने वाचता येतं.

लॉगमध्ये आलं: ‘सीरियल लाइन इज लूप्ड बॅक’. म्हणजे आपणच पाठवलेल्या चौकटी आपल्याकडे परत येताहेत. पीपीपी प्रत्येक मागणीत एक यादृच्छिक जादूचा आकडा घालतं. तोच आकडा परत आला की समोर दुसरा कुणी नाही, आरसा आहे हे त्याला कळतं. आरसा तिकडच्या लॉगिनचा होता. लॉगिन जे टाइप होईल ते परत दाखवतं आणि आमच्या चौकटीही ते वापरकर्त्याचं नाव समजत होतं.

एमगेट्टीकडे यावर नेमका उपाय आहे. ‘लॉगिन.कॉन्फिग’मधली ‘/ऑटोपीपीपी/’ची ओळ टिप्पणीत होती, ती उघडली. आता लॉगिनच्या जागी कालचीच ~■}# ही सुरुवात दिसली की एमगेट्टी परस्पर पीपीपीडीला बोलावतो. माणसाने नाव टाइप केलं तर नेहमीचं लॉगिन. एकाच नंबरवर दोन्ही वाटा. ही रचना मला फार आवडली.

ओळखीसाठी चॅप. पॅपमध्ये पासवर्ड तारेवरून उघडा जातो, चॅपमध्ये जात नाही. ‘चॅप-सीक्रेट्स’मध्ये ग्राहक, सर्व्हर, गुपित आणि शेवटी त्याला मिळू शकणारा एकच पत्ता; फाइलची परवानगी ६००. नंबर कुणालाही लावता येतो, म्हणून तिकडच्या फायरवॉलमध्ये पीपीपीच्या वाटेने फक्त एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिन) आत येईल असं केलं.

दुसऱ्या टोकाचा पत्ता लॉगमध्ये आला. पिंगही आला, स्थानिक जाळ्याच्या मानाने खूप सावकाश, पण एकही न हरवता.

२२ जून

एसएसएच लागतं, पण सुरुवातीला थांबावं लागतं. ओपनएसएसएच ९.० पासून किल्ल्यांची देवाणघेवाण क्वांटम संगणकांनाही पुरून उरेल अशा पद्धतीने होते आणि त्यात एका बाजूची किल्ली आणि दुसरीचं उत्तर, दोन्ही हजारावर बाइटांचे. शिवाय दोन्हीकडच्या पद्धतींच्या लांबलचक याद्या. १८०० च्या वेगाने हे मिळून काही सेकंद होतात. सुरक्षा कमी करून ते वाचवायचे नाहीत, फक्त लॉगिनची मुदत कमी ठेवली असेल तर वाढवायची. एकदा आत गेल्यावर टीमक्स: जोडणी तुटली तरी अर्धवट काम तिकडे जसंच्या तसं.

मुद्दाम मधेच इकडची तार उपटून बघितली. तिकडे वाहक गेला, पीपीपीडी संपला, डीटीआर खाली, मॉडेमने फोन ठेवला, एमगेट्टी पुन्हा घंटेची वाट बघत बसला. यासाठीच ६ तारखेला ‘&डी२’ बघून ठेवलं होतं. ‘एलसीपी-इको’ही दोन्हीकडे चालू केला, म्हणजे तार वरवर जिवंत पण समोर कुणी नाही अशा वेळीही सुटका होते.

२९ जून

खरी परीक्षा: तिकडचं यंत्र रीबूट केलं आणि ब्रॉडबँड बंद ठेवायला सांगितलं. फोन लावला, एमगेट्टीने उचलला, १४४००, चॅप, पत्ता. आत जाऊन राउटरकडची नेटवर्कची सेटिंग बदलली आणि परत जागेवर आणली.

दर आठवड्याला एकदा इकडून आपोआप फोन लागेल, तिकडच्या यंत्राची वेळ विचारेल आणि ठेवेल असं क्रॉनमध्ये घातलं; ‘मॅक्सकनेक्ट’ने कमाल वेळ बांधली, म्हणजे काही अडलं तरी तार अडून राहणार नाही. उत्तर आलं नाही तर मला मेल. हाताने वापरायचा नंबर आणि मिनिकॉमच्या सेटिंग छापून इकडच्या यंत्रावर चिकटवल्या.

तिकडे मॉडेम बिघडला तर बदली नाही, ही एकच गोष्ट राहिली आहे. त्यासाठी वर्ग २ आणि ‘एटी कमांड्स’ दाखवणारा आणखी एक मॉडेम शोधायचा आहे.